मारुती ८०० आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) थरथरते? आधी मेलेला सिलिंडर शोधा

कार्बोरेटरवाल्या ८००ला तीनच सिलिंडर, त्यामुळे एक मेला (त्यात इंधन पेटेनासे झाले) तरी स्टिअरिंग थरथरते. इंजिन बंद करून एका स्पार्क प्लगची (ठिणगी पाडणारा भाग) वायर काढा. तिला जुना प्लग लावून त्याचा धातूचा भाग इंजिनला घट्ट बांधा (वायर मोकळी सोडली तर ठिणगीची वीज देणारी कॉइल जाऊ शकते) आणि गाडी सुरू करा. असे तिन्ही तपासा. ज्याची वायर काढूनही इंजिनच्या चालण्यात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. त्याचा प्लग शेजारच्याशी बदला. दोष प्लगबरोबर सरकला तर नवा प्लग, गॅप (ठिणगी पडते ती फट) ०.७ ते ०.८ मिमी. नाही सरकला तर वायर, मग डिस्ट्रिब्यूटर (प्लगना वीज वाटणारा भाग) कॅपमधली चीर, शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. तिन्ही सारखेच अडखळत असतील, तर व्हॅक्यूम पाइप आणि कार्बोरेटरखालचे गॅस्केट हवा ओढतात का बघा. कार्बोरेटरचा स्क्रू पिळून आयडल वाढवणे म्हणजे निव्वळ दोष झाकणे.