ओपन वॉटर रेसमध्ये वाकडंतिकडं पोहणं टाळायची सोपी युक्ती

जळगाव-धुळ्याकडचे आपण बरेच जण स्विमिंग पूलमध्ये तयार झालेले, तळाची पट्टी बघत सरळ जायची सवय, आणि मालवणला चिवला बीचवर रेसला उतरलं की खाली पट्टीच नाही, मग भरकटून फुकटचं अंतर पोहावं लागतं.

१. उतरायच्या आधीच बोयाच्या (रेसचा मार्ग दाखवायला पाण्यात तरंगत ठेवलेली खूण) बरोबर मागे काहीतरी उंच हेरून ठेवा, टॉवर, माड, टेकडी काहीही. लाटांत बोया दडतो, टॉवर दडत नाही.

२. सात-आठ हात मारले की मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर काढा. अख्खं डोकं उचललं की पाय बुडतात आणि स्पीड गेलाच समजा.

३. श्वास समोर नाही, नेहमीसारखा बाजूलाच घ्या. नीट दिसलं नाही तर थांबू नका, पुढच्या हाताला परत बघा.

प्रॅक्टिस पूलमध्येच होते, पलीकडच्या काठावर लाल बादली ठेवायची आणि तिच्याकडे बघत जायचं, लोक हसतात, हसू द्या.

फक्त एक, वाघूर नाहीतर हतनूर धरणात सराव करायचा असेल तर आधी परवानगी बघा, गेटपासून लांब राहा, कमरेला भडक रंगाचा फ्लोट बांधा आणि एकटं अजिबात उतरू नका.