नवी वकिलात उघडताना या चुका टाळा

छोट्या देशांच्या हातून वारंवार होणारी चूक म्हणजे घोषणा आधी आणि हिशेब नंतर. राष्ट्रप्रमुखांचा दौरा रंगतो, मेजवानीच्या भाषणात ‘लवकरच आपल्या राजधानीत आमची वकिलात’ असे वाक्य येते आणि त्या वाक्याला शोभतील अशी कारणे परराष्ट्र खाते पुढे वर्षभर शोधत बसते. अशा एका घोषणेचा शेवट मी जवळून पाहिला आहे. इमारत भाड्याने घेतली, झेंडा चढला. पण राजदूत आणि एक सचिव एवढ्याच मनुष्यबळावर गोपनीय पत्रव्यवहार, हिशेब, व्हिसा आणि अडचणीत सापडलेले नागरिक असे सगळे सांभाळायचे होते. सचिव रजेवर गेला की राजदूतच व्हिसाचे अर्ज तपासत बसत आणि ज्या व्यापाराच्या नावाने हा खर्च मंजूर झाला होता, त्याच्या वाटाघाटींना सवडच उरत नसे. अखेर वकिलात बंद झाली, तेव्हा यजमान देशाने तो अपमान मानला. ती उघडलीच नसती, तर निदान ही कटुता तरी आली नसती. तेव्हापासून कोणताही प्रस्ताव समोर आला की वकिलात बंद करण्याच्या पत्राचा मसुदा मी आधी मागतो. उत्साही मंडळींना हे अपशकुनी वाटते, वाटू द्यावे.

दुसरी चूक म्हणजे अनिवासी राजदूताला, म्हणजे त्या देशात न राहता काम पाहणाऱ्या राजदूताला, कमी लेखणे. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या पाचव्या कलमानुसार, कोणाची हरकत नसल्यास, एकाच राजदूताची नेमणूक अनेक देशांत करता येते. सिंगापूरचे काही अनिवासी राजदूत तर मायदेशीच राहतात. जिथे लिश्टेनस्टाइनची स्वतःची वकिलात नाही, तिथे १९१९ पासून स्वित्झर्लंड त्याचे काम पाहत आला आहे. पूर्व कॅरिबियन देशांनी मोरोक्कोची राजधानी रबातला संयुक्त वकिलात उघडली. मात्र देशांची जोडी लावताना नकाशावरचे अंतर तेवढे पाहू नये: इटलीत नेमलेला राजदूत व्हॅटिकन स्वीकारत नाही, त्यामुळे तिथला कार्यभार दुसऱ्याच एखाद्या राजधानीतून पाहावा लागतो.

‘त्यांनी आपल्याकडे उघडली, म्हणून आपणही’ हा युक्तिवाद ऐकून घ्यावा आणि बाजूला ठेवावा. व्हिएन्ना करारात असे कोणतेही बंधन नाही.

केवळ व्यापाराचे आकडे पाहणेही चुकीचे. भूतानच्या वकिलाती मोजक्याच आहेत, तरी कॅनबेरात एक आहे. ऑस्ट्रेलियात त्याचे विद्यार्थी आणि नागरिक मोठ्या संख्येने राहतात, हे त्यामागचे उघड कारण.

इमारत विकत घेण्याची घाई करू नये; राजधानीच बदलू शकते. म्यानमारचे सरकार २००५ मध्ये यांगूनहून नेपिडो या नव्या राजधानीत हलू लागले, पण बहुतेक वकिलाती यांगूनमध्येच राहिल्या.

आणि न्यूयॉर्कचे स्थायी मिशन, म्हणजे संयुक्त राष्ट्रांतले आपले कार्यालय, दुबळे ठेवून तिसऱ्या खंडात वकिलात थाटण्याचा हट्ट मला कधीच समजला नाही. संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य तिथे एकाच शहरात भेटतात, आणि ज्यांना स्वतंत्र कार्यालयाचे भाडे झेपत नाही, अशा छोट्या देशांसाठी राष्ट्रकुलाने १९८३ पासून तिथे सामायिक कार्यालयाची सोय केलेली आहे.