सीएसएमटी शाईत काढायचंय? आधी ऊन बघा

पेन, कागद, पर्स्पेक्टिव्ह याबद्दल तुम्हाला माहीत असेलच. मला नडली ती सावली. तिच्यापायी दीड वर्ष वाया गेलं, म्हणून तेवढंच सांगते.

स्टेशनचा दर्शनी भाग पश्चिमेला आहे. सकाळी महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर बसलात तर सूर्य इमारतीमागे असतो आणि समोर नुसता घुमट-मनोऱ्यांचा काळपट आकार. दुपारी एकच्या सुमारास ऊन भिंतीवरून तिरकं उतरू लागतं. कमानी, छज्जे, इमारत बांधली तेव्हाच्या मुंबईच्या आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांनी कोरलेली पानंफुलं, सगळं एकदम उठून येतं. बसायची वेळ हीच.

आणि फसायचीही. एक वाजता छज्ज्याखाली सावली लांब लोंबते, तीनपर्यंत ती आखडत जाते. मी डावीकडून एकेक खिडकी पुरी करत सरकायचे. दिसेल ते इमानदारीत काढायचे. शेवटी डावीकडे एकचं ऊन, उजवीकडे तीनचं. एकाच भिंतीवर दोन सूर्य! पेन्सिल असती तर खोडलं असतं. शाईत कुठलं खोडणार?

आता पहिली दहा मिनिटं खिडक्यांकडे बघतच नाही. शाईत पाणी घालून जाड ब्रशने सावलीचे सगळे पट्टे एका दमात टाकते. नंतर ऊन कुठेही जाऊ दे, माझ्या कागदावर एकच वाजलेला असतो. मग बोरूने, म्हणजे तासलेल्या काडीच्या लेखणीने, तपशील. घुमटावरच्या ‘प्रगती’च्या पुतळ्याला चार फराटे पुरतात. अर्ध्या खिडक्या कोऱ्या राहिल्या तरी बिघडत नाही. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची ही इमारत बांधायलाच 1878 ते 1888 अशी दहा वर्षं लागली होती.

‘फोटो काढ, घरी पुरं कर’ म्हणणारे एक गुरुजी मलाही भेटले होते. ऐकू नका. मोबाइलमध्ये सावलीचा नुसता काळा खड्डा होतो. फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचं तयार पेन, तेही मला आवडत नाही, सगळ्या रेघा एकाच जाडीच्या. बोरू फुटतो, सांडतो, पण हात मोकळा करतो. पहिली वीस चित्रं घाण येतील. येऊ द्या, माझी तर त्याहून जास्त आली.

हो, आणि चायना इंक, म्हणजे चित्रकलेची दाट काळी शाई, फाउंटन पेनात भरू नका. आत सुकते, पेन मेलं समजा.

पावसाळ्यात ढगांमुळे सावलीच पडत नाही. तेव्हा मी घरी बसून बोरू तासते.