चौक कायमचा बदलायच्या आधी आठवडाभर ट्रायल कशी घ्यायची

चौक पायी चालणाऱ्यांसाठी सुरक्षित करायचा, तर आधी चौक एकच निवडा, सगळी बाजारपेठ नको. महापालिकेचा पथ विभाग (रस्ते बघणारा) आणि वाहतूक पोलीस दोघांचीही लेखी परवानगी घ्या, आणि दुकानदारांना भेटा, माल किती वाजता उतरतो, रिक्षा कुठे थांबतात हे त्यांनाच विचारा, कारण ते चिडले की ट्रायल दुसऱ्याच दिवशी बंद पडते.

मग मोजणी, हे लोक नेहमी विसरतात!! बदल करायच्या आधी दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ एक-एक तास उभं राहून किती माणसं, किती सायकली, रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात ते लिहा. वेगासाठी रस्त्यावर एकमेकींपासून 20 मीटरवर दोन खुणा करा, गाडी ते अंतर 2.4 सेकंदांपेक्षा लवकर कापत असेल तर वेग ताशी 30 किमीच्या वर आहे.

आता ट्रॅफिकचे कोन (शंकू), खडू आणि पाण्याने भरलेले बॅरिकेड वापरून फूटपाथचे कोपरे रस्त्यात पुढे आणा, म्हणजे वळताना गाडी आपोआप स्लो होते आणि आजीआजोबांना ओलांडायचं अंतर कमी होतं. अग्निशमनची गाडी वळते का ते प्रत्यक्ष वळवूनच बघा, आणि रात्रीसाठी रिफ्लेक्टर लावाच.

न्यूयॉर्कमध्ये 2009 ला टाइम्स स्क्वेअरला ब्रॉडवे हा रस्ता गाड्यांना बंद करून साध्या लॉनच्या खुर्च्या टाकल्या होत्या, नंतर ते कायमचं झालं. पुण्यातही लक्ष्मी रोडवर 11 डिसेंबरला पादचारी दिन करतात. पण एका दिवसाची गर्दी सणासारखी असते, म्हणून आठवडा तरी ठेवा आणि तीच मोजणी त्याच वेळेला परत करा.