डिस्क चालत नाही? पुसायच्या आधी या चुका टाळा

सीडी किंवा डीव्हीडीची डिस्क आत सरकवली, ड्राइव्ह घरघरला आणि पडद्यावर काहीच आलं नाही, की बहुतेकजण डिस्क बाहेर काढतात आणि शर्टाच्या टोकाने खसाखसा पुसायला घेतात. हे बघून माझा जीव तुटतो. दोष कुठे आहे ते कळलेलं नसतं, पण पुसापुशी सुरू!

माझ्या मामेभावाने हेच केलं. आजोबांनी सांगितलेल्या गोष्टींची एकुलती एक सीडी त्याच्या कॉम्प्युटरवर उघडेना. कुणीतरी सुचवलं म्हणून त्याने टूथपेस्ट लावून ती गोल गोल घासली. मग माझ्याकडे आला. मी त्याच्या ड्राइव्हमध्ये एक नवीकोरी सीडी घातली, तीही उघडेना. म्हणजे बिघाड ड्राइव्हमध्येच होता. लेन्सवर धूळ साचली होती. ब्लोअरने हवा मारली आणि नवी सीडी लगेच चालली. आजोबांची मात्र घासल्यामुळे अडकत राहिली. तीन रात्री बसून, दोन वेगळ्या ड्राइव्हवर कमी वेगाने ती उतरवली. शेवटची आठ मिनिटं गेलीच.

तेव्हापासून मी आधी त्याच ड्राइव्हमध्ये दुसरी डिस्क लावतो, मग तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये. दोन मिनिटांचं काम आहे, पण एवढाही धीर कुणाला नसतो.

पुसायचीच असेल तर मऊ, स्वच्छ कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. डिस्कवरची माहिती चक्राकार पट्टीत असते. आडवा ओरखडा ती पट्टी थोडीशीच कापतो आणि तेवढी चूक ड्राइव्ह स्वतः भरून काढतो. गोल ओरखडा पट्टीबरोबरच धावतो आणि सलग माहिती खातो. टूथपेस्टचा उपाय सांगणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावं.

सीडीची नावाची बाजू तर त्याहून नाजूक. १.२ मिलिमीटर जाडीच्या चकतीत माहितीचा थर अगदी वर, नावाच्या खालीच असतो. तिथे बॉलपेनने लिहू नका, स्टिकर चिकटवू नका. तो थर खरवडला गेला की उपाय नाही. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती थोडी सोसते.

फाइली दिसतात पण सिनेमा लागत नाही? मग डिस्क बहुधा ठीक आहे, सिनेमा चालवणारं सॉफ्टवेअरच नाही. विंडोज ८ पासून डीव्हीडी सिनेमा चालवायची सोय मुळात येतच नाही. व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर टाका.

डीव्हीडीच्या ड्राइव्हमध्ये ब्लू-रे चालणार नाही. लेझरच वेगळा लागतो.

रीजन, म्हणजे जगाच्या कुठल्या भागातल्या डीव्हीडी चालतील ते ठरवणारा ड्राइव्हमधला कोड, बदलायचा का असं विचारलं तर घाईने ‘हो’ म्हणू नका. ड्राइव्ह फक्त ५ वेळा बदलू देतो, मग कायमचा अडकतो.

घरी बर्न केलेली डिस्क दुसरीकडे रिकामी दिसत असेल, तर बर्न करताना फायनलाइज करायचं, म्हणजे ती इतर ड्राइव्हना वाचता येईल अशी बंद करायचं, राहिलं असण्याची शक्यता मोठी. जिथे बर्न केली तिथेच नेऊन ते पुरं करा.

आणि डिस्क एकदा उघडली की आधी हार्ड डिस्कवर उतरवा, ऐकायचं-बघायचं नंतर. आजोबांची ती सीडी आमच्या घरात कितीतरी वेळा नीट वाजली होती. कॉपी कुणीच केली नव्हती.