मोठ्या आवाजासाठी स्पीकरची रचना निवडताना

घरी स्पीकर बांधताना बहुतेक जण आधी वॅट पाहतात आणि मग आवाज वाढवला की तो फाटतो. त्याऐवजी आराखड्याच्या तक्त्यातील संवेदनशीलता, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर मिळणारे डेसिबल, आधी पाहावी.

१. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात आणि दहापट केली की १०. म्हणून ८६ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट देऊन जो आवाज मिळतो, तोच ९६ डेसिबलचा स्पीकर अवघ्या १० वॅटमध्ये देतो.

२. संवेदनशीलतेचा आकडा २.८३ व्होल्टवर मोजलेला असून स्पीकर ४ ओहमचा (ओहम हे विद्युतरोधाचे एकक) असेल, तर त्यातून ३ वजा करावेत, कारण त्या व्होल्टेजला ८ ओहमचा स्पीकर १ वॅट घेतो, तर ४ ओहमचा २ वॅट. दोन आराखड्यांची तुलना नेमकी इथेच फसते.

३. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत ६ डेसिबल घटतात. खोलीत घट थोडी कमी असते, तरी हिशेब ६ नेच करावा.

४. खोल बास, लहान पेटी आणि उच्च संवेदनशीलता ही तिन्ही एकत्र मिळत नाहीत. मोठ्या आवाजासाठी मी पेटीचा आकार सोडतो आणि मोठी, पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्यासाठीचे भोक किंवा नळी) असलेली पेटी घेतो.

मात्र पोर्टच्या पेटीत ट्यूनिंगच्या, म्हणजे पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्या, खालच्या सुरांना कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार उरत नाही आणि तो मर्यादेबाहेर हलून व्हॉइस कॉइल (त्याला हलवणारी तारेची गुंडाळी) आपटते, म्हणून तेथे खालचे सूर अडवणारा हाय-पास फिल्टर लावल्याशिवाय आवाज चढवू नये.