मॉरिशसला पहिल्यांदा जाताय? आधी वारा बघा, हॉटेल नंतर

आम्ही मॉरिशसला जाऊन आलो, मी, नवरा, मुलगी आणि आई, आणि तेव्हापासून आमच्या भिशीत ज्यांच्या घरी बाहेरदेशी जायचं चाललंय त्या सगळ्या मलाच फोन करतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, हॉटेल कोणतं घेतलं. घोळ नेमका तिथेच होतो, आमचाही झाला, म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

आमचं काय झालं, तर नवऱ्याला रजा जुलैतच मिळाली आणि एजंटने फोटो दाखवला, निळंशार पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं, बेल मार नावाचा पूर्व किनारा. फोटो खोटा नव्हता, पण फोटोत वारा दिसत नाही न! पोचलो तर झाडं सगळी एकाच बाजूला वाकलेली, टॉवेल खुर्चीवर ठेवला की उडून शेजारच्याच्या चहात, पाण्यात पाय घातला तर मुलगी किंचाळून बाहेर. आई शाल गुंडाळून बाल्कनीत बसून म्हणाली, एवढे पैसे खर्च करून महाबळेश्वरलाच आणलंत की मला. तिसऱ्या दिवशी टॅक्सी करून पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकला गेलो तर तिथे त्याच वेळी समुद्र ताटासारखा सपाट, ऊन, लोक मस्त डुंबतायत. मग उरलेले दिवस रोज जायला तास-सव्वा तास आणि यायला तेवढाच. टॅक्सीचं बिल काय झालं ते नवऱ्याने अजून सासूबाईंना सांगितलेलं नाही.

तर मुद्दा असा आहे की हा देश विषुववृत्ताच्या खाली आहे, म्हणजे आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. शाळेत हे सगळ्यांनीच शिकलंय पण तिकीट काढताना कोणाला आठवत नाही. साधारण मे ते ऑक्टोबर त्यांची थंडी, थंडी म्हणजे किनाऱ्यावर दिवसा २४-२५ डिग्री, रात्री स्वेटर लागेल इतपत. वर्षभर वारा आग्नेयेकडून येतो आणि जून ते सप्टेंबर जास्तच जोरात असतो, तो आधी पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याला धडकतो, मग मधल्या डोंगराळ भागावर ढग चढतात, तिथे पाऊस पडतो आणि पश्चिमेला पोचेपर्यंत वाऱ्याचा दम संपलेला असतो. म्हणून पश्चिम किनारा कोरडा आणि शांत. अख्खं बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद, पण एकाच दिवशी एकीकडे भिजताय आणि दुसरीकडे भाजताय असं खरंच होतं.

त्यामुळे आधी महिना ठरवा. शाळेतली मुलं असतील तर दिवाळीची सुट्टी बेस्ट, वारा पडलेला असतो, पाणी कोमट व्हायला लागलेलं असतं आणि पाऊसही कमी. दिवाळीला तिथे सरकारी सुट्टी असते, घरोघरी दिवे लावतात, त्यामुळे दिवाळीत घर सोडून आलो असं आईलोकांना वाटत नाही. मेची सुट्टीही चांगली. उत्तरायणाच्या आसपास जायचं असेल तर मात्र विचार करा, जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे महिने. दरवेळी येतंच असं नाही, पण इशाऱ्याचे क्लास असतात, एक ते चार, आणि तिसरा लागला की बस, ऑफिस, दुकानं सगळं बंद आणि तुम्ही हॉटेलच्या खोलीत पत्ते खेळत बसलेले. जायचंच असेल तर विमा घ्या आणि तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा. ख्रिसमस आणि नवीन वर्ष सगळ्यात महाग, तो खर्च आपल्यासारख्यांनी करूच नये असं माझं मत.

मग किनारा. जून ते सप्टेंबर असेल तर डोळे झाकून पश्चिम किंवा उत्तर. उत्तरेला ग्राँ बे म्हणून आहे, तिथे दुकानं, हॉटेलं, खाणंपिणं सगळं चालत जाण्यासारखं, म्हातारी माणसं आणि व्हेजवाले असतील तर तेच सोपं, फक्त एअरपोर्ट पार दुसऱ्या टोकाला आग्नेयेला आहे त्यामुळे उतरल्यावर तास-सव्वा तास गाडीत. पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाक, सूर्यास्त तिथलाच. नोव्हेंबर ते एप्रिल मात्र पूर्व घ्या, तेव्हा तो वारा हवाहवासा वाटतो आणि आमच्या एजंटचा फोटो तेव्हा खरा ठरतो. ले मॉर्नचा डोंगर दिसायला जबरदस्त आहे पण तिथेही वारा असतो, पतंगाला लटकून पाण्यावर पळतात न ते लोक तिथे येतात, आपण बडोद्याचे आपली पतंग गच्चीवरूनच उडवलेली बरी.

बहुतेक ठिकाणी किनाऱ्यापासून थोडं आत प्रवाळाची भिंत आहे, मोठ्या लाटा तिथेच फुटतात, आतलं पाणी उथळ आणि शांत, म्हणून पोहता न येणाऱ्यांनाही कंबरेएवढ्या पाण्यात मजा येते. दक्षिणेला ग्री ग्री म्हणून जागा आहे तिथे ही भिंतच नाही, लाटा सरळ कड्यावर आदळतात, बघायला जा पण पाण्यात अजिबात उतरू नका. आणि पाण्यात जायचे रबरी बूट इथूनच घेऊन जा, फार महाग नसतात. प्रवाळाने पाय कापतो आणि दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा असतो तिथे, तो पायाखाली आला की सुट्टी संपली. हॉटेल किनाऱ्यावरच हवं असा हट्ट मात्र नको, बीच सगळे सार्वजनिक आहेत, दोन गल्ल्या आत स्वस्तातला फ्लॅट घेतलात तरी समुद्र तोच. शिवाय फ्लॅटला स्वयंपाकघर असतं, चहाची सोय होते. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्यामुळे आई पहिल्या दिवशी तिथल्या साडेचारला उठून चहा, चहा करत होती.

कागदपत्रांचं फार टेन्शन नाही. आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि पुरेसे पैसे विचारतात, तेव्हा प्रिंट काढून हातात ठेवा, मोबाईलची बॅटरी तिथेच संपते. एक ऑनलाईन फॉर्म भरायचा असतो, ऑल इन वन म्हणतात त्याला, तो फुकट आहे, पैसे मागणारी साईट दिसली की ती बंद करा. पासपोर्ट नसेल तर बडोद्यातच सेवा केंद्र आहे, साधी फी १५०० रुपये, तत्काळला वर २००० आणखी, पण नावाच्या स्पेलिंगचा घोळ आधारवरच निस्तरून मग जा, आमच्या आईचं एका कागदावर माहेरचं नाव होतं त्यात तीन आठवडे गेले. पॅकेज घेतलंत तर वर टीसीएस म्हणजे आगाऊ कापलेला कर लावतात, तो रिटर्न भरताना वळता होतो, पावती सांभाळा.

पैशांची गंमत ऐका. त्यांचं चलनही रुपयाच, लेबलवर आरएस असंच लिहिलेलं, नोटेवर देवनागरी अक्षरंसुद्धा आहेत, त्यामुळे मेंदू फसतो. त्यांचा एक म्हणजे आपले जवळपास दोन. आईने मार्केटात टोपी बघितली, तीनशे, म्हणाली स्वस्त आहे आणि तीन घेतल्या, बडोद्याच्या खंडेराव मार्केटसारखी घासाघीसही करायची राहिली. म्हणून लेबल बघितलं की आधी दुप्पट करायचं, मग विचार. आम्ही इथून युरो नेले आणि तिथे एअरपोर्टवर बदलले. यूपीआय तिथे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालंय पण त्याच्या भरवशावर राहू नका, खाण्याच्या गाड्यांवर रोखच लागते.

फिरायला गाडी स्वतः चालवणार असाल तर रस्ते आपल्यासारखेच डाव्या बाजूचे, आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून घ्या. नाहीतर दिवसभराची टॅक्सी. मीटर सहसा टाकत नाहीत, बसायच्या आधीच रक्कम बोला आणि कागदावर लिहून घ्या, गोड बोलून. बसही छान आहेत पण संध्याकाळी लवकर बंद होतात, जुलैत पावणेसहाला सूर्य बुडतो आणि सातला गावं चिडीचूप, रात्री अकराला सेव उसळ खायला बाहेर पडू वगैरे विसरा.

जागा दिशेप्रमाणे लावा, यादीप्रमाणे नाही. उत्तरेच्या दिवशी पाम्प्लेमूसची बाग, तिथे परातीएवढी, कडा वर वळलेली कमळाची पानं आहेत, आणि जोडून राजधानी पोर्ट लुईसचं मार्केट आणि आप्रवासी घाट. घाटाला अर्धा तास पुरतो पण चुकवू नका. साध्या दगडी पायऱ्या आहेत. १८३४ पासून ऊसमळ्यांवर राबायला करार करून जी माणसं आणली, जवळपास पाच लाख, त्यातली कितीतरी याच पायऱ्या चढून गेली. बहुतेक बिहारकडची, पण आपल्या कोकणातलीसुद्धा होती, त्यांची नातवंडं-पतवंडं अजून मराठी म्हणवतात, शाळेत मराठी शिकायची सोय आहे आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी. आमच्या टॅक्सीवाल्याला कळलं की आम्ही मराठी, तर म्हणाला माझी आजी मराठी होती, आणि त्याला येणारी एकच ओळ म्हणून दाखवली, सुखकर्ता दुखहर्ता. रविवारी मात्र पोर्ट लुईसला जाऊ नका, बरंचसं बंद असतं, त्या दिवशी सगळा देश पातेली आणि स्पीकर घेऊन बीचवर आलेला असतो.

नैर्ऋत्येचा दिवस म्हणजे गंगा तलाव, शामारेलची रंगीत माती आणि धबधबा, वाटेत ब्लॅक रिव्हरच्या दऱ्या. गंगा तलाव उंचावर आहे, खाली ऊन असलं तरी वर धुकं आणि बारीक पाऊस, स्वेटर आणि छत्री न्याच. आणि बडोदेकरांसाठी खास, तिथली ती ३३ मीटरची शंकराची मूर्ती आपल्या सुरसागर तलावातल्या शंकरावरूनच केलेली आहे! मी हे आधी वाचलं होतं पण आईला मुद्दाम सांगितलं नव्हतं. धुकं जरा हललं, आधी त्रिशूळ दिसला, मग चेहरा, आणि आई म्हणाली, अगं हा तर आपला दांडिया बाजारचा, इथे कधी आला? महाशिवरात्रीच्या दिवसांत मात्र सगळ्या बेटावरून लोक कावडी घेऊन चालत येतात, रस्ते तुंबतात, दर्शन हवं असेल तर ठीक, फिरायचं असेल तर ते दिवस टाळा.

खाण्याचं. व्हेजवाल्यांचा जीव की प्राण म्हणजे डालपुरी, पिवळी डाळ भरलेली मऊ पातळ पोळी, गुळाशिवायची पुरणपोळीच म्हणा न, नेहमी दोन एकत्र देतात, आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी. चटणी आधी बोटाने चाखा, मी शहाणपणा केला आणि दहा मिनिटं बोलू शकले नाही. गातो पिमा म्हणजे डाळवडा, तो लोणी लावलेल्या पावात घालून सकाळी खातात. गाड्यावर क्रेओल ही तिथली बोली चालते, सां लाव्यां म्हणजे मटणाशिवाय, सां प्वासों म्हणजे माशाशिवाय, सां दिझेफ म्हणजे अंड्याशिवाय, हे तिन्ही वेगवेगळे सांगा कारण नुसतं व्हेज म्हटलं की नूडल्समध्ये माशाचा सॉस पडू शकतो.

बॅगेचं. आपलं तीन गोल पिनांचं प्लग चालत नाही, तिथे ब्रिटिश चौकोनी तीन पिना किंवा गोल दोन पिना, अडॅप्टर घ्या. फळं, बिया, रोपं, कढीपत्त्याची फांदीसुद्धा नको. लीलो चेवडो आणि भाकरवडीची पॅक पाकिटं आम्ही नेली, फॉर्ममध्ये लिहिली आणि दाखवली, काही झालं नाही. झोपेच्या किंवा जोरदार पेनकिलरच्या गोळ्या असतील तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत हवीच, तिथे त्याबाबतीत फार कडक आहेत. ई-सिगारेट आणि सिगारेट वळायचे कागद यांनाही बंदी आहे, घरातल्या कॉलेजच्या पोरांची बॅग एकदा स्वतः बघा. येताना शंख-प्रवाळ उचलून आणू नका, चहा आणि व्हॅनिला आणा.

आणि मुंबईच्या फ्लाईटला निघताना बडोद्याहून त्याच दिवशीची ट्रेन धरू नका, विशेषतः पावसाळ्यात, आदल्या दिवशी जाऊन कोणाकडे तरी राहा. विमान साधारण सहा तासांचं असतं. परतीचं मुंबईत किती वाजता उतरतं तेही तिकीट काढायच्या आधी बघा, आमचं मध्यरात्री उतरलं आणि सकाळच्या ट्रेनपर्यंत बोरिवली स्टेशनच्या बाकावर आई तीन टोप्या उशाला घेऊन झोपली होती.